सदर कर्मचारी

शालिवाहन शके १९४५, मार्गशीर्षाचा वद्य पक्ष, वार मंगळवार, वेळ दुपारच्या जेवणानंतरची. मुक्काम धुळे, सहावी गल्ली, मालपुरे चहा भांडार या दुकानाच्या मागची, पूर्वी कोठीची आणि आता निजण्याची खोली. या वेळी आणि या स्थळी श्री. यशवंत दामोदर मालपुरे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा चहाचा, हे रजई छातीपर्यंत ओढून उताणे पडलेले आहेत आणि आपल्याला झोप लागलेली नाही, असे स्वतःला बजावून सांगत आहेत.

झोप लागून चालणारही नाही. दिवेलागणीच्या आत नेरकर वकील यायचे आहेत. आयकर खात्याच्या नोटिशीला द्यायचे उत्तर आज संगणकावरून चढले नाही, तर मुदत संपते. नोटिशीत विचारले आहे ते थोडकेच. आपण विवरणपत्रात पत्नीला दिलेला पगार धंद्याचा खर्च म्हणून वजा केला आहे. मालकाने पत्नीला दिलेला पगार मालकाच्याच उत्पन्नात धरायचा, असा कायदा आहे. त्यातून सुटका एकच: तो पगार तिच्या अंगी असलेल्या धंद्याच्या खास ज्ञानाबद्दल दिलेला असला पाहिजे. तरी सदर कर्मचारी कोणते काम करीत होत्या आणि त्या कामाचे कोणते ज्ञान त्यांच्यापाशी होते, हे मालकाने लेखी कळवावे व सोबत बँकेच्या खात्याचा उतारा जोडावा.

नेरकर हा तरुण, हुशार आणि जरासा थट्टेखोर माणूस. त्याने समजावून सांगितले होते, की पदवी किंवा प्रमाणपत्र काही लागत नाही, अनुभवाने आलेले ज्ञानही खाते मानते. काकू काय करायच्या ते चार ओळींत लिहून द्या आणि खाली सही करा. तुमच्यासारख्या लेखकाला चार ओळी म्हणजे काय. पाणीपट्टीच्या वादात महापालिकेला अर्धविरामांसकट पत्रे लिहून जेरीस आणणाऱ्या यशवंतरावांना तो गमतीने लेखक म्हणे. त्या लेखकाने आठवडाभर कागद फाडले आणि चार ओळी काही उतरल्या नाहीत.

लिहिता येत नव्हते, असे नाही. जे लिहिण्याजोगे होते, ते लिहायचे नव्हते.

खानदेशातल्या हॉटेलवाल्यांत यशवंतराव मालपुऱ्यांची जीभ प्रसिद्ध होती. आसामचा चहा निराळा, डुअर्सचा निराळा, निलगिरीचा निराळा. खेपेगणिक मालाची चव फिरते, आणि तरीही मालपुऱ्यांच्या पुड्यातला चहा वर्षानुवर्षे एकाच चवीचा लागतो, हे त्या जिभेचे कसब, असे बाजार मानत आला. पुड्यावर फेटा बांधलेले यशवंतराव आणि त्यांच्याखाली ‘स्वतः मालकांच्या पारखीचे मिश्रण’ ही ओळ. व्यापारी मंडळाने त्यांना शाल आणि श्रीफळ दिले ते याच पारखीबद्दल. वस्तुतः कडक आणि फिक्का यांखेरीज चहातला तिसरा भेद यशवंतरावांना उभ्या जन्मात कळला नाही. ती जीभ त्यांच्या पत्नीची, मंदाकिनीची होती.

रीत अशी होती. नवी खेप आली, की सहा बशांत सहा नमुने ओतायचे आणि बशांचे ताट आत स्वयंपाकघरात धाडायचे. मंदाकिनी एकेकाचा कोरा, बिनसाखरेचा काढा करून जिभेवर घेई. घटकाभराने ताट बाहेर येई ते बशांमध्ये हरभऱ्याचे दाणे घेऊन. एकीत चार, एकीत दोन, एखादीत काहीच नाही. चार दाणे म्हणजे मिश्रणात त्या चहाचे चार भाग. रिकामी बशी म्हणजे तो माल घ्यायचा नाही. यशवंतराव दाणे मोजत, आकडे मनात धरत आणि दाणे पुन्हा डब्यात टाकून देत. यात कधी शब्द बोलला गेला नाही, चिठ्ठी लिहिली गेली नाही. ही रीत त्यांचे वडील दामूशेठ यांनी घालून दिली होती. सून घरात आली त्या वर्षीच तिची जीभ त्यांनी ओळखली आणि ती गिऱ्हाइकाला ओळखू येता कामा नये, हेही त्यांनी तेव्हाच ठरवले. बाजार ज्याला पारखी म्हणतो तो गादीवर बसलेला दिसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

पगाराची युक्ती पुढे नेरकरांच्या वडिलांनी, थोरल्या नेरकरांनी सुचवली. गल्लीतले निम्मे दुकानदार कर वाचवण्यासाठी बायकोला कागदावर नोकरीला ठेवतात, तुम्हीही ठेवा. यशवंतरावांनी ठेवली. आपण एक खोटा खर्च दाखवतो आहोत, अशीच त्यांची समजूत होती. तो खरा असल्याचे शपथेवर सांगण्याची वेळ आपल्यावर येईल, असे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते.

आणि ही वेळ आणली तीही त्यांनीच. गेल्या आषाढात विवरणपत्र तयार करताना मंदाकिनीच्या डायलिसिसची बिले त्यांनी ‘कर्मचारी कल्याण’ म्हणून खर्चात घातली. नेरकर नको म्हणत होता. यशवंतरावांनी वाद घातला: कर्मचारी आहे, तिचे कल्याण चालले आहे, मग खर्च का नाही? एकाच कर्मचाऱ्याच्या दुकानात एवढे कल्याण पाहून खात्याची नजर वळली. भाद्रपदात मंदाकिनी गेली. नोटीस आली ती त्यानंतर.

डोळे मिटून यशवंतराव वाक्य जुळवतात. सदर कर्मचारी या दुकानातील मालाची देखरेख करीत असत. देखरेखीला ज्ञान लागत नाही. सदर कर्मचारी या मालाच्या प्रतवारीत मालकांना साहाय्य करीत असत. साहाय्य हा शब्द बरा. त्यात कोणाचे किती, हे कोणी मोजत नाही. रजईची ऊब पायांकडून वर चढते. बाहेर पेरूवाला ओरडत जातो आणि त्याची हाक गल्लीच्या टोकाला जायच्या ऐवजी खोलीच्याच एका कोपऱ्यात जाऊन मुरते.

सदर कर्मचारी या. सदर कर्मचारी.

“आली आहे, शेठ.”

मंदाकिनी दारात उभी आहे. घरात नेसायचे पातळ, नुकतेच विंचरलेले केस, डाव्या दंडावर डायलिसिसच्या सुयांची चिकटपट्टी. ती गेलेली आहे हे यशवंतरावांना ठाऊक आहे आणि त्याचे त्यांना नवल वाटत नाही. खटकतो तो ‘शेठ’. अख्ख्या संसारात तिने त्यांना ‘अहो’ याखेरीज हाक मारली नव्हती. शेठ म्हणतात ते हमाल आणि हॉटेलवाले.

बरी आलीस, ते म्हणतात. तुझी एक सही हवी होती.

“कुठं करू? व्हाउचरवर, का चेकवर?”

कुठेच नको, ते घाईने सांगतात. काय काम करत होतीस, एवढे फक्त सांग. चार ओळी पुरेत.

“ते कामगारानं सांगायचं, का मालकानं?”

प्रश्न वाजवी आहे आणि वाजवी प्रश्नांचा यशवंतरावांना राग येतो. मालकाने कळवावे असे नोटिशीत म्हटले असले, तरी कामगाराच्या तोंडचा जबाब पुराव्याच्या दृष्टीने अधिक वजनदार ठरतो, असे ते उठून बसत सांगू लागतात. सांगता सांगता त्यांच्या ध्यानात येते, की ते बसलेले नसून उभे आहेत, आणि समोर खात्याच्या कार्यालयातली खिडकी आहे.

खिडकीखालची फळी काळ्या कडप्प्याची आहे. ती त्यांच्याच स्वयंपाकघरातला ओटा आहे. ओट्यावर गॅस पेटलेला आहे, त्यावर पातेले आहे आणि पलीकडे, खुर्चीवर, मंदाकिनी बसली आहे. रांगेत यशवंतराव एकटेच आहेत आणि तरीही त्यांचा नंबर यायला फार वेळ लागतो.

ती नाव विचारते. ते सांगतात. ती धंदा विचारते. तेही सांगतात. कर्मचारी किती, तर एक.

“तिचं पद काय?”

यशवंतराव मनातल्या मनात शब्द चाचपतात.

“मदतनीस.”

“मदतनिसाला खास ज्ञान लागत नाही. चला, पुढचे कोण?”

पुढे कोणीच नाही. यशवंतराव खिडकीच्या गजांना धरून म्हणतात, की बाई, तुम्ही शब्दाचा फार संकुचित अर्थ करता आहात. मदत या शब्दाच्या पोटात पुष्कळ काही येते. आपण तिला ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणालो, हे त्यांना मागाहून कळते. ती मात्र हसते. जिवंतपणी चुकीचे बिल घेऊन येणाऱ्या वाण्याला हसे, तशी.

मग ती विवरणपत्रातला पुढचा खर्च वाचते. नमुन्याचा चहा. या घरात जो जो चहा झाला तो सगळा नमुना म्हणून वजा केलेला आहे, तो खरा का? पाहुण्यांचा, सत्यनारायणाला आलेल्या भटजींचा, रविवारी तुमच्याबरोबर पत्ते कुटायला बसणाऱ्या मंडळींचा? यशवंतराव म्हणतात, सगळेच दुकानदार तसे करतात. कापडवाल्याच्या घरचे पडदे दुकानाच्या खर्चातून होतात आणि तेलवाल्याची भजी दुकानाच्या तेलात.

“आणि माझा चहा?”

“तुझाही त्यातच. घरात सगळ्यांत जास्त तूच प्यायचीस.”

मंदाकिनी गॅस बंद करते.

“मला चहा आवडत नव्हता.”

हे साफ खोटे आहे, असे यशवंतराव सांगतात. ती शांतपणे म्हणते, की मी चाखत होते. चाखून झाले की चूळ भरत होते. लग्न होऊन आले त्या वर्षीच वासाचा कंटाळा आला होता. तुम्ही विचारले नाही, मी बोलले नाही. यशवंतराव पुरावे शोधू लागतात. दिवाळीच्या पहाटेचा फराळ आठवतात. मनमाडच्या फलाटावरचा गाडीची वाट पाहतानाचा चहा आठवतात. मुलीच्या बारशाच्या दिवशी सगळे दमून जमिनीवर बसले होते, तो आठवतात. एकेक आठवण ते साक्षीदारासारखी पुढे बोलावतात, आणि प्रत्येक आठवणीत तिच्यापुढचा कप काठोकाठ भरलेला आहे, वर साय धरलेली आहे.

आता ती पुढे चालते आहे आणि ते मागे. धुळ्याच्या गल्ल्यांना नावे नसतात, नंबर असतात, हे बाहेरगावच्या माणसाला चमत्कारिक वाटते, यशवंतरावांना कधी वाटले नाही. आज मात्र सातवी गल्ली जाते, आठवी जाते आणि गल्ल्या संपायला हव्यात तिथे आणखी गल्ल्या लागतात. दुकाने सगळी बंद. प्रत्येक शटरवर पुड्यावरचे चित्र मोठे करून काढलेले: फेटा, मिशा आणि खाली ती ओळ. मंदाकिनीच्या हातात सहा बशांचे ताट आहे. तिची पावले वाजत नाहीत, बशा वाजतात.

दम लागलेला असताना यशवंतराव खरी गोष्ट बोलतात. अगं, थांब, ऐक. ते लिहायला माझी ना नाही. पण तो कागद माझ्यापाशी राहणार आहे का? नेरकर वाचेल, त्याचा कारकून वाचेल, मग आग्रा रोडच्या बाजारात कोणाला सांगायचे राहील? आताच हॉटेलवाले कुरकुरू लागले आहेत. परवा एकजण म्हणाला, शेठ, चहाला पूर्वीची चव राहिली नाही. मी म्हटले, यंदा आसामात पाऊस लांबला.

“तू गेलीस हे त्यांना ठाऊक आहे,” यशवंतराव म्हणतात. “चहा तुझ्याबरोबर गेला, हे ठाऊक नाही. ते कळलं, तर दुकान उद्याच्या उद्या बसेल.”

“आणि नाही लिहिलं तर?”

नाही लिहिले, तर पगार खोटा ठरतो. कर, व्याज, दंड. शिवाय मागच्या वर्षांची विवरणपत्रे उघडली जातील ती वेगळीच. दोन्हीकडून मरण. म्हणून ते तिला विनवतात, की सहा तऱ्हेचे चहे एकत्र करून तू एक चव आणत होतीस. तसे एक वाक्य मला करून दे. पगारही वाचला पाहिजे आणि पुड्यावरचे चित्रही.

मंदाकिनी थांबते. ती खरोखर विचार करत असावी, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटते.

“खरं किती भाग घालायचं?”

“एक भाग,” यशवंतराव आशेने म्हणतात. “बाकीचं साहाय्य.”

ती ताटातली एक बशी उचलून त्यांच्यापुढे धरते. बशीत एकही दाणा नाही.

यशवंतरावांचा तोल सुटतो. एवढे करून सवरून ही बाई दाणा टाकत नाही. तुला कमी काय केले मी, ते विचारतात. आजारपणात हात आखडला का? नाशिकचा डॉक्टर आणला, आठवड्याला डायलिसिस केले, बिलाकडे पाहिले नाही. पाहिले ते नंतर, विवरणपत्राच्या वेळी. आणि ते तर पाहावेच लागते.

“मी पलीकडच्या खोलीत जागी होते त्या दिवशी,” ती म्हणते. “कर्मचारी आहे, कल्याण चाललंय, असं म्हणत होतात. मला वाटलं, आता तरी कोणीतरी मला कर्मचारी म्हणतंय.”

बोलता बोलता ती खाटेवर आडवी झाली आहे. खाट पांझरेच्या कोरड्या पात्रात आहे, पुलाच्या सावलीत, आणि तिच्या आजूबाजूला तशाच खाटांची रांग आहे. यंत्रे घरघरतात. पाणी कुठेच नाही. वाळूत भांडी तेवढी उपडी घालून ठेवलेली आहेत. यशवंतराव स्टुलावर बसतात. दवाखान्यात ते असेच बसत, चपला न काढता.

“दिवसाला दोन भांडी पाणी,” ती म्हणते. “तिसरं प्यायलं की छाती भरून यायची.”

ते म्हणतात, ठाऊक आहे मला.

“श्रावणात नवी खेप आली. ताट तुम्ही स्वतः घेऊन आलात. वर टॉवेल झाकला होता, सिस्टरला दिसू नये म्हणून.”

“तू नको म्हणाली नाहीस.”

“नको म्हणाले नाही. दाणे तेवढे मागवले.” ती पुलाकडे पाहत बोलते, त्यांच्याकडे नाही. “सहा नमुने चाखून चूळ भरायची, तर एक भांडं त्यातच जाणार. म्हणून चूळ भरली नाही, गिळला. तोच दिवसाच्या पाण्यात धरला. रात्रीची गोळी कोरडी घेतली.”

यशवंतराव वाद घालण्यासाठी जन्माला आलेले गृहस्थ. देवळाच्या पंचांशी, रेल्वेच्या बाबूशी, विहिणीशी, कोणाशीही बोलताना उत्तर त्यांच्या ओठांवर आधीच तयार असे. आताही ते तोंड उघडतात, आणि जे बाहेर पडते ते ऐकून त्यांचे त्यांनाच कसेसे होते.

“त्या खेपेचं मिश्रण फार सुरेख जमलं होतं.”

“जमलं होतं,” मंदाकिनी म्हणते. “आता माल बदलला तरी भाग तेच चालवताय. मग चव कशी राहील?”

यात तक्रार नाही, राग नाही. गिऱ्हाइकाची तक्रार खरी कशी हे ती समजावून सांगते आहे. यशवंतरावांना वाटते, की तिने रागवायला हवे होते. मग आपल्यालाही काही म्हणता आले असते.

टाळ्या वाजतात. यशवंतरावांच्या खांद्यावर शाल आहे. व्यापारी मंडळाचे सभागृह भरलेले आहे. पुढच्या रांगेत सगळे हॉटेलवाले, साक्रीचे, शिरपूरचे, दोंडाईचाचे. व्यासपीठावर टेबल आणि टेबलापाशी केटली घेतलेली मंदाकिनी. कप नाही, बशी नाही.

“पारख करा, शेठ.”

मंडळी वाट पाहत आहेत. यशवंतराव देवळात तीर्थ घेतात तसा उजव्या तळहाताचा खळगा पुढे करतात आणि ती त्यात केटलीतून चहा ओतते. चटका हाडापर्यंत जातो. हात झटकावा, तर सारे सभागृह पाहते आहे. ते हात तोंडाशी नेतात, घोट घेतात आणि आता कोणत्या मळ्याचा, कोणत्या खेपेचा, ते सांगायचे असते.

“गरम आहे,” यशवंतराव म्हणतात.

कोणी हसत नाही. हसले असते, तर बरे झाले असते.

“आणखी?”

ते पुन्हा जीभ फिरवतात. सगळे आयुष्य ज्या चवीच्या नावावर खाल्ले, ती चव तोंडात आहे. दूध नाही, साखर नाही.

“कडू आहे. फार कडू आहे.”

“रोज असाच असायचा,” मंदाकिनी म्हणते आणि केटली खाली ठेवते.

पुढच्या रांगेतून एकेक हॉटेलवाला उठून चालू लागतो. यशवंतराव त्यांना थांबवत नाहीत. तू पगार मागायला आली होतीस का, ते तिला विचारतात. ती म्हणते, पगाराचे मला काय करायचे.

“मग कशाला आलीस?”

“तुम्हीच बोलावलंत ना? सदर कर्मचारी, सदर कर्मचारी म्हणून सकाळपासून हाका मारताय. दुसऱ्या कुणाला मारत होतात का?”

दार वाजते आहे. काका, झोपलात की काय, असे नेरकर बाहेरून विचारतो आहे. खोलीत उन्हाचा तांबूस तुकडा भिंतीवर चढला आहे, रजई पायांपाशी गोळा झाली आहे. यशवंतराव उठायला म्हणून उजवा हात गादीवर टेकतात आणि कळवळतात. तळहाताच्या खळग्यातली कातडी लाल होऊन सुजली आहे. मधोमध पाण्याचा फोड धरू लागला आहे. खोलीत विस्तव नाही, गरम काही नाही. ते हात नाकापाशी नेतात. वास येतो की नाही, हे त्यांना सांगता येत नाही. ते त्यांना कधीच सांगता आलेले नाही.

ते डाव्या हाताने कडी काढतात.

नेरकर हात पाहून विचारतो, कशाने भाजले. त्यावर काहीतरी लावा म्हणतो. यशवंतराव म्हणतात, ते राहू दे. मला पेन धरवणार नाही. तू तुझे यंत्र उघड, मी सांगतो ते लिही. नेरकर खुर्ची ओढतो आणि नेहमीप्रमाणे थट्टा करतो, की आज लेखकमहाशय तोंडी सांगणार म्हणजे अर्धविरामांचा खर्च वाचला. यशवंतराव खिडकीशी पाठ करून उभे राहतात.

“सदर हा शब्द काढून टाक,” ते म्हणतात. “लिही. या दुकानात विकल्या गेलेल्या प्रत्येक चहाचे मिश्रण कै. सौ. मंदाकिनी यशवंत मालपुरे यांनी ठरवले. चहाची पारख फक्त त्यांना होती. दुकानाच्या मालकाला ती कधीही नव्हती.”

नेरकरची बोटे थांबतात. तो हळूच विचारतो, की काका, पुड्यावर तर...

“पुड्यावर खोटं आहे. पुढं लिही.”

ते बशांबद्दल सांगतात, दाण्यांबद्दल सांगतात. दवाखान्यातल्या ताटाबद्दल सांगतात, टॉवेलासकट. त्यांनी आयुष्यात लिहिलेल्या सगळ्या पत्रांत हे सर्वांत लहान, आणि त्यात एकाही गोष्टीचे खंडन केलेले नाही. नेरकर सगळे पुन्हा वाचून पाहतो. थट्टा त्याच्या चेहऱ्यावरून गेली आहे, तरी वकील म्हणून त्याला आनंद लपवता येत नाही. इतका स्वच्छ जबाब आपल्याला कोणी दिला नव्हता, असे तो म्हणतो. खास ज्ञान हवे होते ना, ते याहून खास काय असणार. आता हॉटेलवाल्यांचे काय व्हायचे ते होवो, पण पगाराला खाते हात लावू शकणार नाही. फक्त तेवढा बँकेचा उतारा जोडला की झाले.

तो काकूंच्या खात्याचा उतारा काढतो. एक पान पाहतो, दुसरे पाहतो, मग पुन्हा पहिल्यावर येतो. आजवर कोणी मागितले नव्हते म्हणून या कागदाकडे त्याने कधी पाहिलेले नव्हते. दर महिन्याला पगार काकूंच्या खात्यात जमा झालेला आहे आणि दर महिन्याला, त्याच आठवड्यात, तेवढीच रक्कम चेकने काढलेली आहे. तो आपल्या कागदांत दुकानाचा रोकड-हिशेब शोधतो. तेवढीच रक्कम तिथे मालकाने धंद्यात घातलेली भर म्हणून परत आलेली आहे.

“चेकवर सह्या काकूंच्याच?”

“तिच्याच. कोरे चेक मी सही करून घेऊन ठेवत असे.”

“काका, यातलं काही काकूंनी कधी वापरलं? एखादी साडी, माहेरच्या कुणाला काही, काहीही?”

उत्तर तयार आहे. नवरा-बायकोचा पैसा वेगळा मोजायची आपल्यात रीत नाही. घर एक, दुकान एक, ताट एक. मग तिचे काय आणि माझे काय. या मुद्द्यावर यशवंतराव कोणाशीही दिवसभर वाद घालू शकले असते. ते भाजलेला हात डाव्या हातात धरतात.

“नाही,” ते म्हणतात.

नेरकर उतारा बंद करतो. मग चष्मा काढून पुसतो.

“काम खरं आहे, काका. पण पगार दिलेलाच नाही. हा खर्च मिळणार नाही.”